दुसरी बाही

१

संजीवची कंपनीची बस सहा चाळीसला येते, कुशलची शाळेची रिक्षा आठला, आणि भांडीवाली साडेदहाला जाते. त्यानंतर अकरा ते एक हे दोन तास माझे. त्या दोन तासांत मी विणते. लोकर. चेन्नईच्या तांबरममध्ये. मे महिन्यातसुद्धा. हे ऐकल्यावर समोरचा माणूस कसं तोंड करतो ते मला पाठ आहे, तेव्हा वाचणाऱ्यांनी तसदी घेऊ नये.

२००६च्या मे महिन्यात संजीवची बदली झाली आणि आम्ही नाशिकहून इथे आलो. ट्रकमधून सात पोती उतरली तेव्हा घरमालकीणबाई दारातच उभ्या होत्या. नवऱ्याने लाजेखातर त्यांना सांगितलं, की गाद्या आहेत. नेमकं त्याच वेळी एक पोतं फाटलं आणि पायऱ्यांवरून लोकरीचा एक भगवा गुंडा उड्या मारत त्यांच्या पायाशी जाऊन थांबला. बाईंनी तो उचलला, दाबून बघितला आणि मला विचारलं, "तुला थंडी फार वाजते काय, अम्मा?"

त्यांचं नाव सकवारबाई. सगळी गल्ली त्यांना मामी म्हणते, म्हणून मीही. वय बहात्तर. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी तंजावरला आले आणि येताना जी मराठी घेऊन आले तीच त्या अजून वापरतात, फाटली तिथे तमिळचं ठिगळ लावून. त्या खाली राहतात, आम्ही वर. पहिल्याच दिवशी त्यांनी घर दाखवलं. मधल्या खोलीत भिंतीतलं कपाट होतं, सागवानी दारांचं, चार खणांचं. ते बघून मला भरून आलं. काही बायकांना देवघर बघून येतं.

"ह्यांत काय हवें तें ठेव," मामी म्हणाल्या. "खालचें खण मात्र मोकळें सोड."

"का हो? वाळवी आहे का?"

"वाळवी इल्लै. मोकळें सोड म्हणजे मोकळें सोड. आमच्या घरांत तसेंच."

मी मान डोलावली. खालचा खण मी अकरा दिवस मोकळा ठेवला. रिकामा खण समोर दिसत असताना विणणाऱ्या बाईने अकरा दिवस धीर धरावा, हे खरं तर कौतुकाचं आहे. कोणी केलं नाही.

२

लोकर कधी संपत नाही, ती उरते. स्वेटरला आठ गुंडे लागणार असतील तर नऊ घ्यावे लागतात, कारण रंगाचा घाणा बदलला की तोच रंग वेगळा दिसतो आणि एक बाही उजळ होते. म्हणजे प्रत्येक स्वेटरमागे एक गुंडा शिल्लक. शिवाय आमच्या घरात जुना स्वेटर टाकायची पद्धत नाही. तो उसवायचा, लोकर धुवायची, वजन लटकवून सरळ करायची आणि गुंडाळून ठेवायची. कुशलची बारशाची पिवळी टोपी, संजीवचा कॉलेजातला राखाडी मफलर, माझ्या शाळेचा निळा स्वेटर, सगळं माझ्याकडे गुंडे होऊन बसलं आहे.

संजीव कारखान्यात स्टोअर्स बघतो. एका रविवारी त्याने चौकोनी लेबलं छापून आणली आणि माझं कपाट लावायला बसला. खणांना अक्षरं, डब्यांना क्रमांक, सुयांना आणि कात्रीला वरच्या खणात बरणी, कोपऱ्यांत डांबरगोळ्या. इथल्या दमट हवेत लोकरीला कसर लागते, म्हणून बारीक लोकर उशांच्या जुन्या अभ्र्यांत. वरून खाली रंगांप्रमाणे, पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत. तीन खण गच्च भरले, तरी उसवलेल्या लोकरीचं एक पोतं राहिलंच. ते मी खालच्या खणात कोंबलं. संजीवने त्यालाही लेबल लावलं: ड.

आणि त्याच खणात, सगळ्यात पुढे, मी आईचा स्वेटर ठेवला.

आई फेब्रुवारीत गेली. आमच्या बदलीचं कळलं तेव्हा तिने आमसुली लोकर आणून माझ्यासाठी स्वेटर विणायला घेतला होता. "अगं, चेन्नईला स्वेटर?" म्हटलं तर म्हणाली, "गाडीत एसी, बँकेत एसी, सिनेमाला एसी. गारठून मरशील." पाठ झाली, पुढचा भाग झाला, डावी बाही झाली. आई बाही खांद्यापासून खाली विणायची, म्हणजे पुढे लांबी वाढवायची तर मनगटाकडून उसवता येते. उजव्या बाहीची चार बोटं झाली आणि ती गेली. सुया अजून त्यातच होत्या.

ती बाही मला पुरी करता येत नव्हती. लोकर होती, चांगल्या दोन लडी. हात नव्हता. विणणाऱ्या प्रत्येकीचा हात वेगळा असतो. आईचा सैल, माझा घट्ट. संजीवच्या मते स्वभावही तसेच. मी पुढे विणलं असतं तर आई जिथे संपली ती ओळ कायमची दिसली असती, डोळे मिटून बोट फिरवलं तरी कळली असती. मला ती ओळ नको होती. म्हणून स्वेटर तसाच पडून होता आणि मी नात्यागोत्यातल्या सगळ्या बाळांना टोप्या विणत होते.

३

जूनच्या शेवटी, एका मंगळवारी अकराला कपाट उघडलं, तर वरच्या खणात पांढऱ्या गुंड्यांच्या पुढे माझ्या शाळेचा निळा गुंडा बसलेला. त्याची जागा सगळ्यात खाली, पोत्यात. कुशल शाळेतून आल्यावर त्याला विचारलं. तो म्हणाला, "मी लोकरीला हात लावत नाही, खाज येते." हे खरं होतं. मी गुंडा पोत्यात टाकला.

बुधवारी तो परत वर होता आणि त्याने सोबत मफलर आणला होता. शुक्रवारपर्यंत सगळं कपाट नव्याने लागलं. संजीवची लेबलं जिथल्या तिथे, रंगांचा मात्र पत्ता नाही. प्रत्येक खणात जाड लोकर पुढे, बारीक मागे. गुंडे एकमेकांना खेटून, शेंडे आत खोचून, इतके नेटके बसवलेले, की खरं सांगायचं तर मला थोडा रागच आला. माझ्यापेक्षा छान लावलं होतं.

"उंदीर," संजीव म्हणाला.

"उंदीर जाडीने लावत नाहीत."

"मग गाडी. स्टेशन जवळ आहे. गाडी गेली की भिंत हादरते आणि जड वस्तू पुढे सरकतात. साधं विज्ञान आहे, हेमा."

"आणि पोत्यातून निघून वरच्या खणात चढतात?"

संजीव अंघोळीला गेला. वादात हरला की तो स्वच्छ होतो.

मी मात्र कपाटासमोर स्टुलावर बसून राहिले, कारण मला कळलं होतं. जाडीने! आमची मायलेकींची वीस वर्षं याच गोष्टीवरून भांडणं होती. मी लोकर रंगाने लावायची आणि आई माहेरच्या कपाटात मी नसताना सगळी काढून जाडीने लावायची. "रंगाने लावायला ती काय फुलं आहेत? डोळ्यात काय भरतं ते बघू नये, हातात काय येणार ते बघावं." दर दिवाळीला हेच.

माणसाला अशा वेळी भीती वाटते म्हणे. मला आनंद झाला. इतका, की मी उठून चहा केला आणि सवयीने दोन कप ओतले.

४

त्या दिवसापासून मी विणकाम घेऊन कपाटासमोरच बसू लागले. दारं उघडी, स्टूल समोर, अकरा ते एक. आधी मनातल्या मनात बोलायची, मग पुटपुटायची आणि आठवड्याभरात चांगलं खणखणीत. किती साठलं होतं! सासूबाईंनी फोनवर काय टोमणा मारला. कुशलला तमिळमध्ये एकतीस मार्क पडले. तो अजून दिव्याशिवाय झोपत नाही, खिडकीकडच्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून झोपतो, पायावरचं पांघरूण फेकतो. छाती चोवीस झाली आहे, हात किती लांब होताहेत बघ. संजीव घोरतो. सगळं सांगितलं.

भुतंखेतं रात्री निघतात असं ऐकलं होतं. आमच्याकडचं सगळं मी भाजी आणायला जायचे तेवढ्या वेळात उरकायचं. ही तर आईचीच रीत. ती काम करताना कोणाला दिसायची नाही, झालेलं काम तेवढं दिसायचं.

जुलैत स्वेटरकडे लक्ष गेलं. तो मी उजवी बाही आत घालून गुंडाळून ठेवला होता. गुंडाळी थोडी जाड झाली होती आणि शेजारची आमसुली लड थोडी बारीक. मी कडेने दोन बोटं आत घातली. नवे टाके होते. सैल, मऊ, आईच्या हाताचे. मी तिथेच फरशीवर बसले आणि हमसून हमसून रडले. आई बाही पुरी करत होती. ती ओळ दिसणार नव्हती.

उलगडून बघावंसं फार वाटलं. पण आईचा नियम होता: शिजताना झाकण काढू नये आणि विणताना उलगडू नये. लहानपणी उलगडलं म्हणून माझ्या हातावर सुई बसली आहे. मी गुंडाळी नुसती थोपटली आणि म्हटलं, "कर सावकाश."

५

गोकुळाष्टमीला मामी सीडैचा, म्हणजे तांदळाच्या तळलेल्या गोळ्यांचा, डबा घेऊन वर आल्या. मी कॉफी केली आणि हौसेने कपाट दाखवलं. मामींनी वरचे तीन खण बघून "अळगा लावलेंस, छान" म्हटलं. मग नजर खाली गेली. त्यांनी कॉफीचा पेला खाली ठेवला.

"हें खण भरलें कोणी?"

"मीच हो. थोडी जुनी लोकर आहे."

"जुनी म्हणजे? अंगांत घातलेली?"

"धुतलेली आहे, मामी." मला वाटलं सोवळ्याचं काही असेल.

"सरी, बरें," म्हणाल्या आणि उठल्याच. कॉफी अर्धी राहिली. त्यानंतर त्या वर आल्या नाहीत. गुडघे दुखतात म्हणायच्या. त्याच गुडघ्यांनी आठवड्यातून दोनदा टेकडीवरच्या मुरुगनच्या देवळात जात होत्या.

मी फार मनाला लावून घेतलं नाही. मात्र त्याच आठवड्यात एग्मोरच्या एका दुकानात मला सहा पदरी पांढरी लोकर मिळाली, बोटाएवढी जाड. दुकानदाराने ती कोणाच्या तरी चुकीने आली असं सांगून निम्म्या किमतीत दिली. आईने बघितली असती तर मिरवत पुढे ठेवली असती, म्हणून मीच ती पहिल्या रांगेत ठेवली. दुसऱ्या दिवशी ती सगळ्यात मागे होती, भिंतीला चेपलेली. आणि पहिल्या रांगेत, मधोमध, कुशलच्या बारशाच्या टोपीची पिवळी लोकर. दोन पदरी. घरातली सगळ्यात बारीक.

 आई चुकली? आई मीठ घालायला विसरायची, औषध विसरायची, माझा वाढदिवस एकदा विसरली होती. लोकरीत ती कधी चुकली नव्हती.

"तिकडे गेल्यावर माणूस विसरत असेल," मी स्वतःला सांगितलं. मला दुसरं काही ऐकायचं नव्हतं. मी पिवळा गुंडा मागे ठेवला, पांढरा पुढे घेतला आणि सासूबाईंचा विषय काढला.

६

ऑक्टोबरच्या शेवटी इथला पाऊस सुरू झाला आणि कपाटाचं दार लागेना. मला वाटलं लाकूड फुगलं. लाकूड ठीक होतं. स्वेटरची गुंडाळी लोडाएवढी झाली होती आणि दार तिला अडत होतं.

तेव्हा माझ्या डोक्यात अंकगणित सुरू झालं. आईला एका बाहीला दहा दिवस लागायचे. आता चौथा महिना होता. शिवाय आमसुली लडी कुठेच दिसत नव्हत्या. मी आईची क्षमा मागितली, गुंडाळी उचलली आणि पलंगावर उलगडली.

बाही पलंगावरून खाली गेली.

खांद्यापासून बऱ्याच लांबवर ती आमसुली होती. मनगट यायला हवं तिथे मनगट नव्हतं, ती तशीच पुढे गेली होती. पुढे निळी, माझ्या शाळेची. मग राखाडी. मग पिवळी. मी टेप आणली. माझी बाही सतरा इंच लागते. ही एक्कावन्न इंच होती. आईच्या भागानंतर घेर पाच इंच, चोवीस टाके, शेवटपर्यंत एकसारखा. कोपर नाही, काही नाही. मी वेड्यासारखी दोनदा मोजली. टेप तीच होती.

मग टाके बघितले. सैलपणा आईचा होता, हुबेहूब, जणू तिची चार बोटं समोर ठेवून गिरवलेला. पण प्रत्येक टाका उलट्या अंगाने पिळलेला होता. असं कधी होतं ते मला माहीत आहे. मी कॉलनीतल्या मुलींना विणायला शिकवलं आहे. शेजारी न बसता समोर बसून बघून बघून जी शिकते, तिचा टाका असा पडतो. आई अडतीस वर्षं विणत होती. ती कोणाच्या समोर बसून शिकलेली नव्हती.

समोर मी बसत होते. रोज दोन तास, दारं उघडी टाकून.

आणि कपाटही जाडीने लावलेलं नव्हतं. निळा, राखाडी, पिवळा. पुढे होती ती सगळी अंगात घातलेली लोकर. कोरी लोकर मागे ढकललेली. आमच्याकडची घातलेली लोकर बहुतेक जाड, एवढंच.

आई नव्हती. आई कधीच नव्हती इथे. आधी फक्त हेच कळलं आणि ती दुसऱ्यांदा गेल्यासारखं रडू आलं. रडता रडता आठवलं, की कुशल कोणत्या पलंगावर झोपतो, कोणीकडे तोंड करतो आणि त्याची छाती किती आहे, हे मी चार महिने कोणाला तरी सांगत होते.

७

पावणेबारा वाजले होते. बाहेर पाऊस, खाली मामींचा टीव्ही. स्वेटर एखाद्या पुलावरून फेकून द्यावा असा शहाणा विचार आला आणि गेला. त्यात आईची पाठ होती, पुढचा भाग होता, एक बाही आणि चार बोटं होती. तेवढं मला परत हवं होतं. बाकीचं ज्याचं त्याने न्यावं.

मी पलंगावर कपाटाकडे पाठ करून बसले, बाहीच्या टोकातल्या आईच्या सुया काढून बाजूला ठेवल्या आणि उसवायला लागले. पिवळी गेली, राखाडी गेली. उसवलेली लोकर कुरळी होऊन पायाशी पडते, तिचा ढीग होतो. मी भराभर ओढत होते. निळी संपत आली तेव्हा खाली बघितलं, तर ढीग नव्हता. धागा माझ्या हातातून निघून, पायांवरून, फरशीवरून मागे चालला होता.

मी लगेच वळले नाही. धाग्याला ओढ होती आणि ती ओढ मला ओळखीची होती. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे. लड हातांवर धरणारा माणूस असे हात कलते करतो, म्हणजे धागा अडकत नाही. आठ वर्षांची असल्यापासून मी आईसमोर बसून लडी धरल्या आहेत. लग्नाला चौदा वर्षं झाली तरी संजीवला ते जमलेलं नाही, तो क्रिकेट बघता बघता हात खाली टाकतो. इथे धागा एकदाही अडकला नाही. संजीवपेक्षा चांगलं धरत होतं, हे त्या अवस्थेतही माझ्या लक्षात आलं.

मग मी वळले.

खालच्या खणात अंधार होता. अंधारात लड होती, फरशीपासून वीतभर वर, ताणून धरलेली. लड दोन हातांवर धरतात, ती दोन ठिकाणी ताणली जाते. ही तीन ठिकाणी ताणलेली होती. तीन कोपरे. मधे काय होतं ते मला दिसलं नाही आणि मी पापणी मिटून त्याला मदत केली.

तेवढ्यात हातातला धागा आमसुली झाला, आणि तो किती वेळ आमसुली आहे याचं भान मला राहिलं नाही. डोळे उघडले तेव्हा पीळ नसलेले टाके आले होते. सरळ, सैल. आईची चार बोटं. मी हात थांबवला. धागा थांबला नाही. एक टाका गेला. दुसरा. तिसरा.

"ए, तो आईचा आहे!" मी रेशनच्या रांगेतल्या आवाजात ओरडले. "तुझं घेतलंस ना? हा आईचा आहे, सोड!"

धागा हिसकला नाही, रागावला नाही. शांतपणे डावीकडे, उजवीकडे. सहावा टाका. सातवा. कात्री बरणीत, बरणी वरच्या खणात, आणि त्या कपाटाजवळ मी जाणार नव्हते. लोकर दाताने तोडू नये, दातही जातात आणि लोकरही, असं आई म्हणायची. मी दाताने तोडली.

दुसरं टोक सरसर फरशीवरून गेलं आणि खणात शिरलं. मी बाजूला ठेवलेली आईचीच सुई घेऊन तिचे उरलेले टाके एकेक करून वर उचलले. दोनदा निसटले, परत उचलले. नऊ टाके गेले होते. बाकी सगळी आई माझ्याकडे होती.

८

वरचे तीन खण मी दुसऱ्या दिवशी संजीवकडून रिकामे करून घेतले. कारण सांगितलं, कसर. खालचा खण आधीच रिकामा होता. जुन्या लोकरीचं पोतंही नव्हतं. डांबरगोळी तेवढी होती, आणि लेबल. संजीव म्हणाला, "बघ, उंदीरच." मी हो म्हटलं. कुशलचा पलंग आमच्या खोलीत आणला. तो वैतागला, कारण बाप घोरतो.

मग मी गॅलरीत रस्त्याकडे तोंड करून बसले आणि आईची बाही स्वतः विणली. आमसुली लोकर नव्या घाण्याची मिळाली, जरा फिकी, पाणी जास्त झालेल्या कोकम सरबताच्या रंगाची. हात माझा, घट्ट. चार बोटांनंतर ती ओळ आली. दिसते, बोटाला लागते. पहिल्या दिवशी मी ती चाचपून रडले आणि नंतर दर वेळी चाचपायची सवयच झाली. आई तिथपर्यंत होती. पुढे मी आहे. एवढी साधी गोष्ट कळायला मला किती लोकर लागली!

डिसेंबरात, मार्गळी महिन्याच्या एका संध्याकाळी बाही पुरी झाली. स्वेटर घडी करून उशाशी ठेवला. सकाळी सहाला तो अंगात घालून मी दूध आणायला खाली उतरले. बावीस अंश तापमान होतं आणि सगळी गल्ली माकडटोप्या घालून कुडकुडत होती. आयुष्यात पहिल्यांदा मी चेन्नईत शहाणी दिसत होते. आई जिंकली, असं मला वाटलं आणि हसू आलं.

मामी दारात तांदळाच्या पिठाची रांगोळी, कोलम, काढत होत्या. मला बघून त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. दोन्ही बाह्या पिठाच्या बोटांनी दाबून बघितल्या.

"ही आईची," डाव्या बाहीवर बोट ठेवून त्या म्हणाल्या; आईचा स्वेटर पुरा करतेय, एवढं मी त्यांना सांगितलं होतं. उजव्या बाहीवरून बोट खाली आणलं आणि ओळीपाशी थांबवलं. "ही इथवर आईची, पुढें तुझी."

"हो मामी."

"बरें केलेंस. खण?"

"मोकळा आहे."

"सरी." त्या परत कोलमकडे वाकल्या. मी दुधाची पिशवी उचलायला पाठ वळवली.

"अम्मा, थांब."

त्यांचं बोट माझ्या पाठीवर टेकलं, दोन खांद्यांच्या मधोमध. ते तिथे गोल फिरलं, हळूहळू, एकदा पूर्ण.

"अन् ही कोणाची?"

मी तिथेच, भर रस्त्यात, स्वेटर काढला. आईने विणलेल्या पाठीवर, बाही सुरू करताना उचलतात तसे, गोलाकार टाके उचललेले होते आणि त्यांवर चार ओळी चढल्या होत्या. लोकर आमसुली, पहिल्या घाण्याची. मी टाके मोजले. चोवीस. पीळ गेला होता, टाका आता सरळ पडत होता. आणि हात घट्ट होता, अगदी माझ्यासारखा.